राष्ट्रीय उद्यानांचं वेड लागलंय? मग एवढं करा

पहिल्याच भेटीत राष्ट्रीय उद्यानांनी तुम्हाला झपाटलं आणि आता तिथले चांगले फोटो काढायचेत, हे तुमच्या पत्रात वाचून मजा आली. नवी लेन्स कोणती घेऊ, हा तुमचा प्रश्न मात्र सध्या बाजूला ठेवा. हातात आहे तो कॅमेरा, अगदी मोबाइलसुद्धा, सुरुवातीला पुरतो.

खरा फरक पाडतो तो उजेड. सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्तापूर्वीचा तास सोडू नका. तेव्हा किरणं तिरपी येतात, सावल्या लांबतात, कड्यांचे कंगोरे उठून दिसतात. बरेच प्राणीही याच सुमारास बाहेर पडतात. नवखे नेमकं उलटं करतात. भरदुपारी पोहोचतात आणि फोटो सपाट आले म्हणून कॅमेऱ्याला दोष देतात!

दुसरी नेहमीची चूक म्हणजे एका सुट्टीत चार-पाच उद्यानं उरकणं. एकच निवडा आणि त्यातल्या त्याच जागी वेगवेगळ्या वेळी जा.

बाकी थोडक्यात:

- पळत्या प्राण्यासाठी शटरचा वेग (फोटो टिपताना शटर उघडं राहण्याचा वेळ) १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा.
- अंतर पाळा. अमेरिकेतल्या यलोस्टोनमध्ये अस्वलं, लांडगे आणि कूगर (डोंगरी सिंह) यांच्यापासून किमान ९१ मीटर आणि इतर प्राण्यांपासून २३ मीटर दूर राहण्याचा नियम आहे. नियम कुठलाही असो, चरणारा प्राणी मान वर करून तुमच्याकडे बघायला लागला, की समजा फार जवळ गेलात.
- निघण्यापूर्वी उद्यानाचं अधिकृत संकेतस्थळ बघा. ऋतूनुसार रस्ते बंद असतात.

रॉ (कॅमेऱ्यातली प्रक्रिया न केलेली मूळ फाइल), लेन्सवरचे फिल्टर, एडिटिंग यांचं नंतर बघू. पुढचं उद्यान आणि महिना ठरला की कळवा, तिथल्या पायवाटा सुचवतो.