आधी एक पावसाळा बघ

पोरी, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा पोचलं. खानापूर तालुक्यात, भीमगडच्या रानात हेम्माडग्याच्या बाजूला पाहुण्यांच्या कॅम्पच्या देखभालीचं काम मिळालं, पगार कंत्राटी आहे, खोलीच्या कौलांतून चांदणं दिसतं, आणि रुजू झाल्याच्या चौथ्या दिवशी साहेबांनी दुरुस्त्यांची यादी मागितली, एवढं सगळं एका पानात बसवलंयस. यादी दे. साहेब मागतात तेव्हा द्यायचीच असते. पण पेन्सिलीने लिही, आणि मोठ्या खर्चाचं एकही काम पावसाळा बघितल्याशिवाय त्यात घालू नकोस.

तू डिप्लोमा केलायस. लेव्हल काढता येते, एस्टिमेट करता येतं, माझ्यापेक्षा बरंच येत असेल. पण बेळगावात उद्यमबागेत शेड बांधणं वेगळं आणि रानात वाटेखालची साधी मोरी बांधणं वेगळं. तू उभी आहेस ती जागा नीट समजून घे. कणकुंबीला मलप्रभा उगवते, खानापूरवरून पूर्वेला जाते, सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात अडते आणि पुढे कूडलसंगमाला कृष्णेत मिळते. भीमगडच्या रानातली म्हादई पश्चिमेला उतरते, गोव्यात मांडवी होते आणि पणजीजवळ समुद्र गाठते. एका तालुक्याचा पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. त्या पाण्यावरून राज्यं वर्षानुवर्षं भांडतायत, ते चालू दे. पण तुझ्या कॅम्पात फरशीवर ओतलेली अ‍ॅसिडची बाटली खाली कुणाच्या ना कुणाच्या कळशीत जाते, आणि तिच्यावर तुझी सही असते.

माझी एक चूक सांगतो. एका कॅम्पाकडे जाणारी पायवाट दर पावसाळ्यात चिखलाची व्हायची. पाहुण्यांचे बूट भरायचे, वहीत तक्रारी पडायच्या. मार्च महिना होता. मार्चमध्ये निधी उरलेला असतो आणि डोकं कमी चालतं. आम्ही दोनशे फूट काँक्रीट ओतलं. दिसायला देखणं. जुलैत पाण्याने काँक्रीटच्या कडेने स्वतःची वाट काढली, ऑगस्टपर्यंत तिथे मांडीएवढी घळ पडली, आणि गणपतीच्या सुट्टीवरून परत येतोय तोवर एक जुना किंजळ मुळं उघडी पडून आडवा झाला होता. आमचा वॉचर गवळी धनगरांपैकी, साठीच्या पुढचा. घळीत उतरून त्याने बघितलं आणि म्हणाला, "सायेब, तुमी मान्सास्नी न्हाई, पाण्याला रस्ता बांधून दिलायसा की."

त्यानंतर वाटेचं काम मी त्याच्याकडूनच शिकलो. जुलैत भर पावसात, डोक्यावर खोळ घेऊन, हातात फक्त काठी घेऊन वाटेवरून चालत जायचं. पाणी वाटेवर कुठे चढतं, किती पावलं वाटेबरोबर धावतं, कुठे उतरतं, तिथे तिथे काठी रोवायची. बस, त्या दिवशी दुसरं काही नाही. पाणी वाटेवरून जेवढं लांब धावतं तेवढा त्याला जोर येतो, म्हणून चढणीवर पंधरा-वीस पावलांत त्याला बाहेर काढायचं. त्यासाठी वाटेत जांभ्याचे लांबट दगड तिरके बसवायचे. काटकोनात बसवलेस तर पाणी दगडाला धडकून गाळ टाकतं आणि दुसऱ्या दिवशी वरून उडी मारतं. तिरका दगड त्याला हात धरून बाजूला नेतो. दगडाचा दोन-तृतीयांश भाग मातीत पुरलेला हवा, वर चार बोटं दिसली तरी पुरे. आणि पाणी जिथे बाहेर पडतं तिथे मोकळी माती ठेवू नकोस, पसाभर खडी आणि पालापाचोळा टाक, नाहीतर घळ तिथून सुरू होते. वाटेला दरीच्या बाजूने अगदी थोडा उतार दे, डोळ्याला जाणवणार नाही इतका. सिमेंटचं एक पोतंही लागत नाही. वर्षातून दोनदा, मिरगाच्या आधी आणि मघा संपल्यावर, साचलेला गाळ खोऱ्याने ओढून काढायचा. एवढंच.

आता संडास. ह्या विषयावर लोक बोलायला लाजतात, म्हणून मी जरा जास्तच बोलतो.

तुझ्याकडे दोन खड्ड्यांचे संडास असणार. एक भरला की दोन खड्ड्यांकडे वाट फुटते त्या कुंडीतला बोळा फिरवायचा आणि मैला दुसऱ्यात सोडायचा. पहिला एक-दोन वर्षं झाकून ठेवला की आत वास नसलेलं कोरडं खत होतं, केळीच्या बुंध्याला घालता येतं. हे काम खड्ड्यातले जिवाणू करतात. त्यांच्यावर रोज फिनेल, ब्लीचिंग, अ‍ॅसिड ओतलं की ते मरतात, मैला कुजत नाही, वास सुटतो, आणि वास आला म्हणून माणूस आणखी फिनेल ओततो. मी एका कॅम्पात महिन्याला वीस-वीस लिटर फिनेल संपताना बघितलंय. भांडं ब्रशने आणि पाण्याने घासायचं, थोडा साबण चालतो. पिवळा थर चढला तर बाजारातलं लिंबूफूल गरम पाण्यात विरघळवून रात्रभर ठेवायचं, सकाळी घासायचं. न्हाणीघराचं पाणी ह्या खड्ड्यात कधीच सोडू नकोस. ते वेगळ्या शोषखड्ड्यात ने आणि भोवती कर्दळ, अळू लाव.

आपल्याकडची गोम निराळी आहे. पुस्तकात लिहिलेलं असतं, खड्डा विहिरीपासून किमान १० मीटर लांब, आणि तळ भूजलाच्या २ मीटर वर. पुस्तक लिहिणाऱ्याने जुलैतलं आमगाव बघितलेलं नसतं. राज्यातल्या सगळ्यात जास्त पावसाच्या गावांत त्याचं नाव येतं. त्या दिवसांत जमीनच पाण्याने फुगलेली असते, आणि जांभा तर चाळणीसारखा. आधी बघ, पावसात खड्ड्यात पाणी उलटं भरतं का. झाकण उघडून बॅटरी मारलीस की कळतं. भरत असेल तर खड्डा खोल करून उपयोग नाही; उंच करायचा, भोवती मातीचा भराव द्यायचा, आणि पिण्याच्या पाण्यापासून दहा मीटरवर समाधान न मानता जमेल तितका लांब न्यायचा. यादीतलं खर्चाचं काम हे, आणि ते पावसाळ्यानंतरच लिहायचं. आणखी एक. टाकी किंवा खड्डा साफ करायला कुणालाही आत उतरवायचं नाही. संरक्षक साधनांशिवाय तसं उतरवणं हा मैलासफाईविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी तू ते केलं नसतंस हे मला ठाऊक आहे. ठेकेदार 'आमचा माणूस सवयीचा आहे' म्हणेल. त्याला चहा पाजून परत पाठव.

कौलांना मात्र पावसाळा बघायची गरज नाही, चांदणं दिसतंय म्हणजे पाणीही दिसणार. मिरगाच्या आत चाळून घे. पत्र्याचा ठराव आला तर विरोध कर. पत्र्याखाली एप्रिलमध्ये पंखा लावल्याशिवाय माणूस बसत नाही, आणि जुलैत पावसाच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. खानापूरची कौलं तासाभराच्या अंतरावर मिळतात.

दिव्यांवरून तुझं आणि साहेबांचं वाजणार, आत्ताच सांगतो. पाहुण्यांना उजेड हवा असतो आणि पांढराशुभ्र हवा असतो. एकदा पहाटे अशा दिव्याखालचं अंगण झाडायच्या आधी वाकून बघ. पतंग, चतुर, नाकतोडे, बोटभर लांब पंखांचे किडे, काही अजून पाय हलवणारे, आणि त्यातून निवांत फिरणारे दोन फुगलेले बेडूक. मी एकदा ते सुपात भरलं होतं, सूप भरलं. निळसर पांढऱ्या उजेडाकडे किडे सगळ्यात जास्त ओढले जातात. पिवळट, मंद, गुडघ्याच्या उंचीवरचा, खालीच पडणारा दिवा वाटेला पुरतो, दहा वाजता तोही बंद. मे अखेरीला वळीव पडून गेला की काजवे निघतात. नर लुकलुकतो तो मादीला दिसायला हवा. तुझ्या दिव्याच्या झोतात ती बिचारी काय बघणार? त्या पंधरवड्यात साहेबांना अंधारात बाहेर उभं करून काजव्यांचं झाड दाखव, अर्ज करावा लागणार नाही.

ह्या रानातल्या बारापेडेच्या गुहांबद्दल पाहुणे विचारतील. १९१३ साली जगाला माहीत झालेलं रॉटनचं वटवाघूळ तिथलं. कितीतरी वर्षं ते जगात फक्त तिथेच आहे असं मानत, पुढे मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. २०११ मध्ये हे सुमारे १९० चौरस किलोमीटरचं रान अभयारण्य झालं, त्यात ह्या वटवाघळाचा वाटा मोठा. गुहेकडे वाट साफ करून द्या, अशी मागणी येईल. तुझी देखभाल म्हणजे तिकडची वाट बुजू देणं.

आता चैत्र आहे, म्हणजे वणव्याचे दिवस. वणवा अडवायला साफ केलेले पट्टे, म्हणजे जाळरेषा, तुझ्या येण्याआधी मारून झाल्या असतील, तरी चालत जाऊन बघ, सागाची पानं पुन्हा पडलेली असतात. अंगणातला पाला गोळा करून पेटवायची सवय आपल्या सगळ्यांना आहे, माझ्या बायकोला अजून आहे. रानात ते बंद. अभयारण्यात आग लावायला कायद्याने मनाई आहेच, पण खरं म्हणजे तो पाला जाळून आपण उन्हाळ्याची ओल जाळतो. इमारतीपासून दहा-बारा पावलांपर्यंत झाड, तोच पाला खड्ड्यात कुजव, पलीकडचा राहू दे.

वाळलेल्या झाडाचंही तसंच. वाटेवर, तंबूवर पडेल अशी फांदी परवानगी घेऊन उतरव. पण आत उभा असलेला सुका बुंधा 'घाण दिसतो' म्हणून तोडू देऊ नकोस. एका तशाच खोडात तांबटाचं बीळ होतं, पुढच्या वर्षी त्यात पोपट, त्याच्या पुढच्या वर्षी मधमाश्या. पडल्यावर त्याच्याखाली अळंबी आली. आम्ही त्या खोडाला घरपट्टी लावा म्हणायचो.

रानमोडी आणि घाणेरी तुला सगळीकडे दिसेल आणि तणनाशक मारायचा मोह होईल. ओढ्याच्या काठी तर अजिबात नको. रानमोडी पहिल्या पावसात माती मऊ झाली की हाताने मुळासकट येते, थंडीत फुलायच्या आत संपवायची. घाणेरी वरून कोयत्याने छाटलीस तर दुप्पट जोमाने फुटते. तिचं मूळ जमिनीखाली दोन-तीन इंचांवर तोडायचं आणि झुडूप तिथेच उलटं करून ठेवायचं, मुळ्या आभाळाकडे. वाळून जाते. पण एकदम एकर-दोन एकर उघडं करू नकोस. तिथे गवत धरलंय, जांभूळ-कुंभ्याची रोपं वर येतायत असं दिसलं की पुढचा तुकडा. आणि बुलबुल बसतात त्या फांद्यांखाली दर पावसाळ्यात फेरी मार, घाणेरीचं बी तिथेच पडतं.

कचऱ्याचं फार लिहीत नाही, कर्नाटकात प्लास्टिकबंदी २०१६ पासून आहे आणि प्लास्टिकही आहे. कचरापेट्या वाटेवरून काढून टाक, हा माझा अनुभव. पेटी दिसली की माणूस टाकतो आणि माकड काढतं, रात्री अस्वल येतं. दारातच पिशव्या मोजून आत सोड, मोजून बाहेर काढ. पाट्यांबद्दल: पाटी सरकारी नियमाप्रमाणे कन्नडमध्ये लाव, इंग्रजी लाव. आजूबाजूची वस्ती बरीचशी मराठी वाचणारी आहे, आणि भाषेवरून आपल्याकडे काय होतं ते तुला मी सांगायला नको. मी पाट्यांवर चित्र काढून घ्यायचो. पेटती विडी, तिच्यावर फुली. त्या चित्रावर आजवर कुणी मोर्चा काढलेला नाही.

खोऱ्याचा दांडा बदलून ठेव, जुना हाताला फोड आणतो. मी रोहिणी लागल्यावर एक दिवस येतो, खानापूरहून दुपारच्या गाडीने. साखर आहे मला, तेव्हा घरून कुंदा मागवायच्या भानगडीत पडू नकोस.

तुझा
काका

ता. क. त्या म्हाताऱ्या वॉचरचा नातू तुझ्याच कॅम्पात रोजंदारीवर आहे असं ऐकतो. वाटेचे दगड बसवायच्या आधी त्याला सोबत घे. दगड कुठे मिळतात हे त्याला ठाऊक असणार, आजोबाने दाखवले असतील.