लंडन आणि न्यूयॉर्कचे संघ आयर्लंडच्या गेलिक फुटबॉल स्पर्धेत कसे काय खेळतात?

कारण गेलिक फुटबॉल (हात आणि पाय दोन्ही वापरून खेळायचा आयरिश खेळ) चालवणारी गेलिक अॅथलेटिक असोसिएशन (जीएए) या दोन शहरांना काउंटीच (आयर्लंडमधला जिल्हा) मानते आणि पश्चिम आयर्लंडमधल्या कॉनॉट प्रांताच्या स्पर्धेत उतरवते. 1884 साली स्थापन झालेल्या या संस्थेची रचना मुळात पॅरिशचा (चर्चच्या स्थानिक विभागाचा) क्लब, त्यावर काउंटी बोर्ड, त्यावर प्रांत अशी आहे. स्थलांतरितांनी परदेशी जाऊन तीच उतरंड उभी केली. कॉनॉटमध्ये मुळात पाचच काउंट्या, त्यामुळे पाहुण्यांना जागा होतीच. दरवर्षी या प्रांतातला एक संघ अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या गेलिक पार्कवर जातो, लंडनचा घरचा सामना पश्चिम लंडनमधल्या रायस्लिपला होतो. हे नुसते मानापुरते नाही: 2013 मध्ये लंडन थेट प्रांतिक अंतिम फेरीत पोहोचले (तिथे मेयो काउंटीने धुतले, ते सोडा), आणि 1999 पासून हरत आलेल्या न्यूयॉर्कने 2023 मध्ये पेनल्टीवर लीट्रिम काउंटीला हरवले. लंडन राष्ट्रीय लीगही खेळते, न्यूयॉर्क मात्र खेळत नाही. पैसे कोणालाच मिळत नाहीत, खेळ हौशी आहे. बहुतेक खेळाडू नोकरी करून संध्याकाळी सराव करतात.

हा मान बाकी परदेशी क्लबांना मात्र नाही. युरोप, आशिया, ऑस्ट्रेलियातले क्लब आपापल्या विभागाच्या स्पर्धा खेळतात. युरोपात तर पूर्ण आकाराचे मैदान मिळणे मुश्कील, म्हणून रग्बी-फुटबॉलच्या मैदानावर 15 ऐवजी बऱ्याचदा 11 जणांचेच संघ उतरतात.