एफ.वाय.बी.एस्सी.: हजेरी, जर्नल आणि बुडालेलं प्रॅक्टिकल

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी बारावीनंतर एफ.वाय.बी.एस्सी.ला गेली, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतलं. पहिल्याच आठवड्यात विभागाने नियमांचा कागद पालकांची सही घेऊन आणायला सांगितला. ७५ टक्के हजेरी, सर्टिफाइड जर्नलशिवाय (म्हणजे शिक्षकांनी तपासून सही केलेल्या प्रॅक्टिकलच्या वहीशिवाय) प्रॅक्टिकल परीक्षेला बसता येणार नाही, बुडालेलं प्रॅक्टिकल पुन्हा घेतलं जाणार नाही. हे खरंच पाळतात का, आणि घरच्या लग्नासाठी आठवडाभर गावी न्यायचं असेल तर?

लेक्चरच्या हजेरीत थोडंफार सांभाळून घेतात. जर्नलच्या बाबतीत सहसा नाही. आणि तिसरा नियम इच्छा असूनही मोडता येत नाही, ते कांद्यामुळे. त्याकडे येतोच, आधी हिशेब बघा.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचं ३० तास. दोन क्रेडिटच्या थिअरी पेपरला ३० लेक्चर झाली, तर ७५ टक्क्यांसाठी २३ हवीत. सात बुडाली तरी चालतं. दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल म्हणजे ६० तास, चार-चार तासांच्या १५ पाळ्या. त्यातल्या १२ हव्यात, म्हणजे फक्त तीन हातात राहतात. प्रॅक्टिकल आठवड्यातून एकदा असेल तर एका लग्नात एक पाळी, एका तापात दुसरी. सेमिस्टर संपत आली की डिफॉल्टर लिस्ट, म्हणजे हजेरी कमी पडलेल्यांची यादी लागते, आणि तिच्यात लेक्चर बुडवणाऱ्यांइतकीच अशी 'तीनच तर बुडाली' म्हणणारी मुलंही असतात. चौथी कधी बुडाली हे त्यांनी मोजलेलंच नसतं. तारखा वहीच्या मागच्या पानावर टिपत जा म्हणावं.

डॉक्टरांच्या सर्टिफिकेटने हजेरी आपोआप लागत नाही. बहुतेक कॉलेजांत ते फक्त सूट मागण्याचा आधार असतं, आणि निर्णय प्राचार्यांच्या हातात. बरं झाल्यावर त्याच आठवड्यात अर्जासोबत द्यावं, पोच घ्यावी. लिस्ट लागल्यावर आणलेल्या सर्टिफिकेटकडे कोणीही संशयानेच बघतं.

आता कांदा. पेशींचं समविभाजन, म्हणजे मायटॉसिस बघण्याचं प्रॅक्टिकल चार तासांचं दिसतं, पण त्याची तयारी चार-पाच दिवस आधी सुरू होते. कांद्याची वाळलेली मुळं खरवडून तो पाण्याने भरलेल्या ग्लासच्या तोंडावर बूड जेमतेम टेकेल असा ठेवतात. दोन-तीन सेंटिमीटर मुळं फुटली की सकाळीच टोकं कापून एक भाग ग्लेशियल असेटिक आम्ल आणि तीन भाग अल्कोहोल अशा ताज्या मिश्रणात २४ तास ठेवायची, मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये. हे सगळं लॅब असिस्टंट एका आठवड्याच्या बॅचेसना पुरेल एवढंच करतो. पंधरा दिवसांनी एकटीसाठी पुन्हा कांदा लावणार कोण?

म्हणून गावी जाणं ठरलेलं असेल तर आदल्या आठवड्यातच सरांना किंवा मॅडमना विचारायचं: 'याच आठवड्यात दुसऱ्या बॅचबरोबर बसू का?' साहित्य तयार असतं, एक मायक्रोस्कोप कुठेतरी रिकामा असतो, सहसा हो म्हणतात. परत आल्यावर विचारलं तर उत्तर कागदावर आधीच लिहिलेलं आहे.

प्रॅक्टिकल नुसतं वाचून का भरून निघत नाही, तेही याच स्लाइडवर दिसतं. टोक 'एक नॉर्मल' तीव्रतेच्या हायड्रोक्लोरिक आम्लात ६० अंशांना आठ-दहा मिनिटं ठेवायचं, धुवायचं, मग असेटोकार्माइन हा रंग द्यायचा. शेवटचे दोन मिलिमीटर ठेवून बाकीचं मूळ टाकून द्यायचं. इथेच पहिली चूक होते: उलटं टोक ठेवलं जातं आणि नुसत्या लांबट, विभाजन थांबलेल्या पेशी दिसतात. आम्लात कमी वेळ राहिलं तर पेशी एकमेकींना चिकटून ढीग होतो. कव्हर स्लिपवर ब्लॉटिंग पेपर ठेवून अंगठा सरळ खाली दाबायचा; जरा आडवा सरकला की पेशी गुंडाळल्या जातात. रंग गरम करताना उकळला तर बुडबुडे. आधी १० एक्सवर फोकस, मग ४० एक्स, आणि ४० एक्सवर मोठा स्क्रू फिरवायचा नाही, नाहीतर स्लाइड फुटते आणि लेन्सवर ओरखडा येतो.

जर्नलमधली नक्कल इथेच पकडली जाते. खऱ्या स्लाइडवर बहुतांश पेशी इंटरफेजमध्ये, म्हणजे विभाजन सुरू व्हायच्या आधी असतात; विभाजनाच्या अवस्थांपैकी प्रोफेज थोड्या, मेटाफेज-अ‍ॅनाफेज शोधाव्या लागतात. ज्याच्या पानावर चारही अवस्था एका ओळीत, सारख्या आकाराच्या, त्याने पुस्तकातून काढल्या हे तपासणाऱ्याला पहिल्या नजरेत कळतं. दिसलं ते काढा: कोऱ्या पानावर एचबी पेन्सिलने, शेडिंग न करता बारीक ठिपके देऊन, नावांच्या रेघा पट्टीने आणि एकमेकींना न छेदणाऱ्या, खाली विवर्धन. रेघांच्या पानावर मजकूर पेनाने. आणि सही त्याच किंवा पुढच्या पाळीला घ्यायची. शेवटच्या आठवड्यात पंधरा सह्या मागायला गेलेल्यांची रांग स्टाफरूमच्या बाहेर असते, त्यातच मॅडमना पेपर तपासायचे असतात.

बेडूक-झुरळ कापावं लागेल का, हेही अनेक पालक विचारतात. नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातलं विच्छेदन बंद केलं. आता मॉडेल, तक्ते, तयार स्लाइड. तरी डिसेक्शन बॉक्स यादीत असतो, कारण सुया आणि चिमटा वनस्पतिशास्त्राला लागतातच. महागडा घेऊ नका. ब्लेडची पाकिटं मात्र जास्त घ्या: खोडाचा छेद घ्यायला ब्लेड नवं आणि ओलं हवं, बोथट ब्लेडने जाड काप येतात आणि सॅफ्रॅनिन या लाल रंगात नुसता लाल गोळा दिसतो. वीस काप घेऊन त्यातला एक पातळ निवडायचा. तो अर्धाच असला तरी चालेल, बाहेरच्या त्वचेपासून मधल्या भेंडापर्यंत सलग हवा.

इंटर्नलबद्दल, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणांबद्दल एकच गोष्ट विचारून घ्या: इंटर्नल आणि लेखी परीक्षेत वेगवेगळं पास व्हावं लागतं की एकत्र बेरीज चालते? विद्यापीठागणिक हे बदलतं, आणि एटीकेटी (राहिलेला विषय घेऊन पुढे जाणं) पुष्कळदा यातूनच लागते. उत्तर विभागाच्या कागदावर नसेल तर विद्यापीठाच्या परिपत्रकात असतं, सीनियरच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका; त्यांचा पॅटर्न जुना असू शकतो.