पाचट ठेवलं आणि खोडवा पिवळा पडला: विघटक देतात की घेतात?

तुम्ही प्रश्न दोन विचारलेत, पण उत्तर एकच आहे. मुलाच्या पुस्तकात गवत, नाकतोडा, बेडूक, साप, ससाणा अशी साखळी आहे आणि कोपऱ्यात विघटक, म्हणजे मेलेलं कुजवणारे जीव, जे ‘पोषकद्रव्ये जमिनीला परत देतात’. इकडे तुम्ही यंदा पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, न जाळता सरीत ठेवलंत आणि महिना-दीड महिन्यात खोडवा (तोडणीनंतर बुडख्यातून फुटलेला ऊस) पिवळा पडला. मग हे जीव देतात की घेतात? आधी घेतात. देणं नंतर, आणि तेही त्यांच्या इच्छेने नाही.

‘परत देतात’ हे वाक्य मला नेहमीच खटकतं. बुरशी आणि जिवाणू पिकाची सेवा करायला बसलेले नाहीत, ते स्वतःचं पोट भरतात. खरं तर बुरशीला पोटच नाही, म्हणून ती पचन अंगाबाहेर करते: विकरं (एन्झाइम) पानावर सोडायची, पानातलं सेल्युलोज विरघळवून त्याची साखर करायची आणि ती तंतूंनी शोषून घ्यायची. सरी ओली असताना पाचटाचा खालचा थर उचलून बघा. पांढऱ्या तंतूंनी पानं शिवल्यासारखी एकत्र वर येतात. बोटांनी ओढलं की पान सहज तुटतं, फक्त मधली जाड शीर चिवट राहते. तिच्यात लिग्निन (लाकडाला टणक करणारं द्रव्य) जास्त, आणि ते फोडणं मोजक्याच बुरशींना जमतं.

आता हिशोब. पाचटात सेंद्रिय कर्ब (कार्बन) ३२ ते ४० टक्के आणि नत्र (नायट्रोजन) जेमतेम ०.४२ ते ०.५० टक्के. म्हणजे एक भाग नत्रामागे साधारण ८० भाग कर्ब. कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या शरीरात हेच प्रमाण सरासरी ८ ला १ असतं. त्यांनी २४ भाग कर्ब खाल्ला तर ढोबळमानाने १६ भाग श्वसनात कार्बन डायऑक्साइड होऊन उडतो, ८ भाग अंगाला लागतो आणि त्या ८ भागांना १ भाग नत्र हवं. थोडक्यात, २४ ला १ असं खाद्य मिळालं तर त्यांचं भागतं. तुम्ही वाढलंय ८० ला १. उरलेलं नत्र ते मातीतल्या अमोनियम आणि नायट्रेटमधून उचलतात, आणि या शर्यतीत उसाची मुळं हरतात. तुमच्या खोडव्याचा पिवळेपणा बहुधा तोच. ताग किंवा धैंचा ही हिरवळीची पिकं फुलोऱ्यात गाडली तर असं होत नाही, कारण त्या कोवळ्या पाल्यात नत्र भरपूर असतं आणि जास्तीचं लवकर मोकळं होतं.

हे नत्र हरवत नाही, जिवाणूंच्या शरीरात अडकून पडतं. ते सुटतं कसं, हा पुस्तकातून गळालेला भाग आहे. मातीत जिवाणूंना खाणारे आदिजीव (एकपेशी प्राणी) आणि सूत्रकृमी (दोऱ्यासारखे सूक्ष्म कृमी) असतात. (सूत्रकृमी म्हटलं की आपण मुळांवर गाठी करणाराच डोळ्यांसमोर आणतो, पण बरेचसे पिकाला हातही लावत नाहीत.) जिवाणूंच्या शरीरात नत्र इतकं दाट असतं की खाणाऱ्याला ते सगळं लागत नाही. जास्तीचं तो अमोनियम म्हणून बाहेर टाकतो. त्याचं नायट्रोसोमोनास नावाचे जिवाणू नायट्राइट करतात, पुढे नायट्रोबॅक्टरसारखे जिवाणू नायट्रेट करतात, आणि मग ते मुळाला मिळतं. म्हणजे विघटकांकडून वसुली करायला त्यांना खाणारा कुणीतरी लागतो.

म्हणून मुलाला सांगा, विघटक साखळीच्या शेवटी नाहीत, तिथून दुसरी साखळी सुरू होते. पाचट, बुरशी, बुरशी खाणारे स्प्रिंगटेल (उड्या मारणारे बारीक जीव), त्यांना खाणारे माइट (कोळ्याच्या कुळातले बारीक जीव). नांगरामागे बगळे चालतात ते गांडुळांसाठी, आणि ते गांडूळ कुजक्या पाल्यावरच पोसलेलं असतं. ही साखळी छोटीही नाही. जंगलात तयार होणाऱ्या पाल्यापैकी जनावरांच्या तोंडी थोडाच जातो, बहुतेक गळून खालीच पडतो. वाळवीचं तर वेगळंच. तिच्या काही जाती कुजका पालापाचोळा वारुळात नेऊन त्यावर बुरशी पिकवतात. कोकणात पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी खायची अळंबी याच बुरशीची.

एक गोष्ट मात्र परीक्षेसाठीही पक्की करून घ्या: द्रव्य फिरतं, ऊर्जा फिरत नाही. उकिरडा उकरला की वाफ निघते ना, ती सूक्ष्मजीवांच्या श्वसनाची उष्णता. ती गेली ती गेली.

पालाशचा (पोटॅशियमचा) यात फारसा संबंध नाही. तो पानात कुठल्या सेंद्रिय रेणूत बांधलेला नसतो, पाण्याबरोबर धुऊन खाली येतो. पाचटात तो ०.९ ते १ टक्का असतो, म्हणजे एकरी चार टन पाचट धरलं तर ३६ ते ४० किलो, बहुतेक फुकटात. जाळलं तर पालाश आणि स्फुरद (फॉस्फरस) राखेत उरतात, पण नत्र आणि कर्ब जवळपास सगळे धुरात जातात.

आता खोडव्याचं. नेहमीची शिफारस आहे पाचटाच्या टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन. ८ किलो युरियात ३.७ किलो नत्र येतं, त्यामुळे कर्ब-नत्राचं प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं. २४ पर्यंत येत नाही, पण लिग्निन सावकाश जात असल्याने सगळा कर्ब एकदम खाल्लाही जात नाही. तुम्ही नुसतं पाचट पसरून पाणी दिलंत, तिथे घोडं अडलं. पिकाच्या खताचा हप्ता मात्र पाचटावर फेकू नका. वर पडलेल्या युरियाचा काही भाग अमोनिया होऊन उडतो आणि उरलेल्यावर पहिला हात कुजवणाऱ्यांचा. पहारीने बुडख्याजवळ भोक पाडून खत खाली मातीत द्या आणि भोक बुजवा. संवर्धनाच्या पाकिटापेक्षा ओल महत्त्वाची. कोरड्या पाचटावर कितीही महागडं संवर्धन टाका, ते तसंच पडून राहतं.

आणि युरिया टाकायच्या आधी पान नीट बघा. पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून वर चढत असेल तर नत्राची कमतरता. शेंड्याची कोवळी पानं पांढुरकी आणि शिरा हिरव्या असतील तर तो केवडा, म्हणजे लोहाची कमतरता, आणि त्यात पाचटाचा दोष नाही. वरच्या आणि खालच्या पानाचे वेगवेगळे फोटो टाका, जमिनीत चुनखड आहे का तेही लिहा, मग किती द्यायचं ते ठरवू.