प्रदर्शनातल्या टेबलासाठी शिवलेल्या छोट्या वस्तू कोणत्या निवडाव्यात?

आपण विचारले आहे की, शिवणकाम चांगले येते, घरी मोटार बसवलेले मशीन आहे, सोलापुरात जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात भरणाऱ्या एका हस्तकला प्रदर्शनात दोन दिवसांसाठी टेबल घेतले आहे आणि हाताशी जेमतेम दोन महिने आहेत. तर कापडाच्या कोणत्या छोट्या वस्तू शिवून न्याव्यात? मी सोलापुरातच राहते आणि गेली नऊ वर्षे अशा प्रदर्शनांत माझ्या वस्तू मांडत आले आहे. पुढे लिहिले आहे ते बहुतेक माझ्या हिशोबाच्या वहीतूनच आले आहे.

पहिल्या वर्षी मी बावीस प्रकार नेले होते. बाहुल्या, कापडी हत्ती, उशांचे अभ्रे, तोरणे, चष्म्याची घरे, केसांचे पट्टे, असे प्रत्येकी तीन-चार नग. लोक थांबत, वस्तू हातात घेत, मनापासून कौतुक करीत आणि शेजारच्या टेबलावरून शेंगाचटणीचे पाकीट घेऊन पुढे जात. एका बाहुलीला मला तीन तास लागले होते. सहा बाहुल्यांपैकी एकही गेली नाही आणि त्यांतल्या दोन अजून माझ्या भाचीकडे आहेत. टेबलाचे भाडेही सुटले नाही. मला काय सुरेख शिवता येते हे मी पाहिले होते. समोरून जाणारी बाई कोणासाठी, कशासाठी आणि किती नग घेणार आहे, हे पाहिलेच नव्हते.

सोलापूर हे कापडाचे गाव आहे, हे इथे फार महत्त्वाचे ठरते. चादर आणि टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेले, पूर्व भागात घरोघरी यंत्रमाग चाललेले आणि गणवेश शिवणारे कारखाने गावभर पसरलेले. इथल्या माणसाला कापडाचा भाव दोन बोटांत चिमूट धरून कळतो. त्यामुळे जी वस्तू कारखाना शेकड्याने काढतो, ती आपण शिवून विकायला बसलो की गिऱ्हाईक मनातल्या मनात चाटी गल्लीतल्या कापडबाजाराच्या दराशी तुलना करते आणि आपण हरतो. कापडी पिशव्यांचे हेच झाले. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा आम्ही सगळ्याजणी पिशव्या शिवायला बसलो. वर्षभर त्या बऱ्या खपल्या, मग साडीच्या दुकानातून तशीच पिशवी फुकट मिळू लागली. साधी पिशवी, हातरुमाल, उशीचा अभ्रा आणि पायपुसणे हे चार प्रकार आपण यादीतून सरळ काढून टाकावेत.

मग राहते काय? माझ्या अनुभवात प्रदर्शनात शिवलेली छोटी वस्तू स्वतःसाठी घेणारे थोडे असतात, देण्यासाठी घेणारे पुष्कळ. आपले प्रदर्शन जानेवारीत आहे, म्हणजे सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेमुळे गावात पाहुणेरावळे असतात आणि संक्रांत तोंडावर आलेली असते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू होते आणि प्रत्येक घरच्या बाईला वाण म्हणून लुटायला एकसारख्या वीस, तीस, पन्नास वस्तू हव्या असतात. प्लास्टिकचे डबे आणि स्टीलच्या वाट्या देऊन-घेऊन सगळ्याच कंटाळलेल्या असतात. हे गिऱ्हाईक एकदा आपल्या टेबलाशी थांबले की एक नग घेत नाही, अकरा घेते, एकवीस घेते. दोन दिवसांत अशा सहा-सात बायका भेटल्या तरी आपले बरेचसे काम होते. म्हणून जानेवारीच्या टेबलावर मुख्य वस्तू वाणाची असावी, तिची किंमत पन्नास रुपयांच्या आत बसावी आणि एकाच प्रकाराचे पुरेसे नग तयार असावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाणासाठी मी खणाच्या कापडाचा दोरीचा बटवा निवडला आणि अजून तो सोडलेला नाही. हिशोब सांगते, म्हणजे निवड कशी करायची ते लक्षात येईल. माझ्या बटव्याचा तुकडा ७ इंच बाय १४ इंच असतो. तो मधोमध दुमडला की सात इंचाचा चौकोन होतो. ४४ इंच पन्ह्याच्या एक मीटर कापडात असे आडवे तीन आणि उभे पाच, म्हणजे पंधरा तुकडे बसतात आणि उरलेल्या चार इंचांच्या पट्टीतून दोरीच्या टोकांची फुले निघतात. कापड १२० रुपये मीटरने घेतले तर एका बटव्याला ८ रुपयांचे कापड लागते, अस्तराचे ४, दोरी आणि मणी ६, दोरा व किरकोळ २, असा खर्च २० रुपये. एकेक बटवा सुटा शिवत बसले तर वीस-पंचवीस मिनिटे जातात, परंतु आधी तीसचे कटिंग, मग तिसांच्या बाजू, मग तिसांच्या दोरीच्या पट्ट्या, असे टप्प्याने केले तर बटवा बारा मिनिटांवर येतो. सुटा ५० रुपयांना आणि एकवीसच्या वर ४० रुपयांना दिला, तर घाऊक भावातही तासाला पाच बटवे आणि शंभर रुपये सुटतात. हे फार नाही, हे मलाही कळते. चेनची दोन कप्प्यांची पर्स मला ४५ रुपयांत आणि पस्तीस मिनिटांत पडते आणि १५० रुपयांना जाते, म्हणजे तिच्यात तासाला १८० रुपये सुटतात. तरीही निव्वळ पर्स घेऊन बसण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण पर्स घेणारी बाई एकच घेते आणि तीही तीनदा चेन उघडून-मिटून, नवऱ्याला विचारून. बटवा भाडे सोडवतो आणि पर्स त्यावर चार पैसे मिळवून देते, अशी माझ्या टेबलाची वाटणी आहे.

भाड्याचा हिशोब मात्र वस्तू ठरवण्याआधीच मांडावा. समजा टेबलाचे १५०० आणि रिक्षाचे जाऊन-येऊन ३०० लागले, तर सुट्या विक्रीत नगामागे ३० रुपये सुटणारे साठ बटवे गेल्यावर कुठे आपण शून्यावर येतो. ज्या वस्तूचे तेवढे नग दोन महिन्यांत होणारच नाहीत, ती वस्तू कितीही देखणी असली तरी मुख्य वस्तू होऊ शकत नाही.

खणाविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण नवीन माणसाचा हात तिथेच पोळतो. हा खण मूळचा कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा, म्हणजे आपल्याहून फार लांबचा नाही, आणि चोळीपुरता तुकडा त्रिकोणी घडी घालून विकायची त्याची जुनी रीत आहे. आता पर्स-बटव्यांसाठी त्याच नक्षीचे मिश्र धाग्याचे कापड मीटरवरही मिळते आणि आपल्या कामाला तेच परवडते. खणाचे सूत कडेने भराभर सुटते. कापून दोन दिवस ठेवलेला तुकडा तिसऱ्या दिवशी पाव इंचाने लहान झालेला मी पाहिला आहे. त्यासाठी कापण्याआधी मागून पातळ फ्यूजिंग इस्त्रीने चिकटवावे, शिलाईसाठी अर्धा इंच सोडावा आणि आतून अस्तर घालावेच. काठाचे कापड असेल तर काठ बटव्याच्या तोंडाशी येईल अशा बेताने कापावे; काठ तळाशी गेला तर तीच वस्तू दहा रुपयांनी स्वस्त वाटते. यासाठी नगांची बैठक बदलते आणि मीटरमागे एक-दोन नग कमी निघतात, पण ते सोसावे. रंगांत हिरवा, मोरपंखी, जांभळा आणि आमसुली हे न थांबता जातात. काळा फक्त संक्रांतीपुरता शिवावा, कारण या एका सणाला काळ्याला मान आहे. उरलेला काळा माल पुढे अकरा महिने हळदीकुंकवासाठी कोणी उचलत नाही.

वाणाशिवाय देण्याघेण्याचे आणखी दोन प्रसंग सोलापुरात बारमाही आहेत, बारसे आणि रुखवत. बारशासाठी लाळेरे फार उत्तम. टॉवेलच्या कारखान्यांतून काठ कापलेले आणि किंचित दोष असलेले तुकडे वजनावर मिळतात. त्यांना मागून मऊ सुती कापड आणि कडेने तिरकी पट्टी लावली की पाणी शोषणारे लाळेरे होते, आणि तीन लाळेऱ्यांचा संच पातळ फितीने बांधून ठेवला की तो आहेर दिसतो. मागे बंद लावावेत, मणी किंवा सुटी बटणे लावू नयेत, ती तान्ह्याच्या तोंडात जाण्याची भीती असते. कुंची आणि टोपडी मी शिवत नाही. आजी असलेल्या घरांत ती घरीच होतात आणि डोक्याच्या मापावरून घासाघीस होते ती वेगळी.

रुखवतासाठी भाकरीचा रुमाल. कडक भाकरीला त्याची गरज नाही, पण ताज्या मऊ भाकऱ्या दुरडीत झाकून ठेवायला दुहेरी कापडाचा गोल रुमाल घरोघरी लागतो, आणि हाताने कडा शिवलेला, मधे धावदोऱ्याची नक्षी घातलेला रुमाल कारखाना काढत नाही. आतून मांजरपाट असावा आणि तो कापण्यापूर्वी रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावा, नाहीतर पहिल्याच धुण्यात रुमाल आक्रसून द्रोणासारखा होतो. बाहेरचे कापडही भिजवून पाहावे, हा धडा मला पैसे मोजून मिळाला. एका वर्षी मी घाईत लाल छापाचे कापड न भिजवता वापरले, पुढच्या वर्षी एक बाई रुमाल घेऊन टेबलाशी आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “ताई, भाकरी गुलाबी होते हो.” त्यांना पैसे परत केले आणि वर दोन रुमाल दिले. त्या अजूनही माझ्याकडूनच घेतात, पण तेव्हा शेजारच्या तीन टेबलांनी ते वाक्य ऐकले होते.

सोलापुरी चादरीच्या तुकड्यांपासून काही करावे, हे सुचणारच. मलाही सुचले होते. मयूरपंखी नक्षीची जाड चादर कापून तिची पिशवी शिवली तर ती दिसते झकास, पण चार पदर एकत्र आले की घरच्या मशीनची १४ नंबरची सुई मोडते. १६ किंवा १८ नंबरची सुई, लांब टीप आणि कोपऱ्यात हाताने चाक फिरवणे, एवढे सोपस्कार करावे लागतात. शिवाय गावातले गिऱ्हाईक ती पाहून हसते आणि म्हणते, “अहो, ही तर चादर!” पुण्या-मुंबईहून आलेले पाहुणे मात्र तीच आवडीने नेतात. म्हणून अशा चार-पाच पिशव्या टेबलाच्या मागे टांगून ठेवाव्यात. त्या लांबून दिसतात, लोक थांबतात आणि पुढचा बटवा घेऊन जातात.

एक वस्तू मी कौतुकाने सांगते, कारण ती बहुधा कोणाच्या टेबलावर नसते. पोथीचे बासन. पंढरपूर आणि अक्कलकोट याच जिल्ह्यात, त्यामुळे ज्ञानेश्वरीची किंवा गुरुचरित्राची पारायणे करणारी घरे इथे पुष्कळ. पोथ्यांचे आकार वेगवेगळे असल्याने मापाचे आवरण शिवण्यात अर्थ नाही. २७ इंचांचा चौकोनी दुपदरी रुमाल आणि एका कोपऱ्याला लांब बंद, एवढेच करावे, ते कोणत्याही पोथीला गुंडाळता येते. रोजची विक्री दोन-तीनच असते, परंतु वयस्कर माणसे त्याच्या किमतीवरून कधी वाद घालत नाहीत.

मापावर अवलंबून असणाऱ्या वस्तूंपासून मात्र सांभाळून राहावे. मोबाईलचे कव्हर मी एकदा साठ नग शिवले आणि दोन वर्षांत फोनच मोठे झाले. निम्मा माल पडून राहिला. आता तीच वस्तू आतून ४ बाय साडेसात इंचांची, गळ्यात अडकवायच्या पट्ट्याची शिवते आणि तिला सरळ छोटी पर्स म्हणते. ब्लाउज, टोप्या, मोजे यांचेही तेच.

एकूण किती प्रकार न्यावेत? पाच. सहावा नेऊ नये. आपल्या दोन महिन्यांत रोज तीन तास मिळतात असे धरले आणि महिन्याचे पंचवीस दिवस मोजले, तर दीडशे तास होतात. त्यांतले तीस तास खरेदी, भिजवणे, इस्त्री आणि दोरे कापण्यात जातील. उरलेल्यांत दोनशे बटवे चाळीस तासांत, चाळीस पर्सा सुमारे चोवीस तासांत आणि बाकी वेळात लाळेऱ्यांचे संच, भाकरीचे रुमाल आणि थोडी बासने सहज होतील; चादरीच्या पिशव्या मी प्रकारांत धरत नाही, ती शोभा. दोनशे बटवे ऐकून दडपण येईल, पण टोपलीत चाळीस बटवे रंगांप्रमाणे रचलेले दिसले की हात आपोआप जातो. तेच चार बटवे ओळीत ठेवले तर ते उरलेसुरले वाटतात.

किंमत प्रत्येक टोपलीवर मोठ्या अक्षरांत लिहावी. आपल्याकडे मराठी, तेलुगू आणि कन्नड अशी तिन्ही भाषांतली गिऱ्हाइके येतात, काहीजणी विचारायला संकोचतात आणि पुढे जातात. घाऊक दराची पाटी वेगळी असावी, कारण वाणासाठी आलेल्या बाईला ती पाटी दिसली की तिचा हिशोब तिथेच सुरू होतो.

वाणाच्या मागण्या प्रदर्शनानंतरही येतील, त्या वहीत लिहून अर्धी रक्कम आगाऊ घ्यावी आणि हळदीकुंकवाची तारीख विचारून माल तिच्या दोन दिवस आधी द्यावा. मात्र एकाच रंगाचे एक्कावन्न नग कबूल करण्यापूर्वी घरी त्या रंगाचे कापड आहे का ते पाहावे. एक्कावन्न बटव्यांना साडेतीन मीटर लागते, आणि संक्रांतीच्या आठवड्यात दुकानात तोच मोरपंखी पुन्हा मिळेलच असे नाही.