आफ्रिकन सिक्लिडसोबत कोणते मासे ठेवता येतील?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तीन फुटी टँक, दुकानदाराने ‘मिक्स आफ्रिकन’ म्हणून दिलेले आठ मासे, म्हणजे आफ्रिकेतल्या तळ्यांतले, सिक्लिड नावाच्या कुळातले. सहा महिन्यांत दोन मेले, एकाचे पर फाटले. उरलेल्यांत तीन पिवळे-काळे पट्टेवाले, एक जिराफासारख्या ठिपक्यांचा आणि दोन इलेक्ट्रिक यलो. आता सोबतीला एंजल, गोल्डफिश किंवा ‘शार्क’ सोडले तर भांडणं कमी होतील का?

भांडणं नाही कमी होणार. सोडलेले मासे मात्र कमी होतील.

हे मी पुस्तकी सांगत नाही, स्वतः करून बसलोय. पुण्यात मी पहिला टँक घेतला तो अडीच फुटी, आणि त्यात असेच ‘मिक्स आफ्रिकन’ डझनभर आणले. बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी पिल्लं. त्यातली सगळ्यांत देखणी होती ती पिवळीधमक, अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत काळ्या-पांढऱ्या रेघा असलेली. चार घेतली. पुढे कळलं की ती ऑरेटस, मलावी तळ्यातल्या सगळ्यांत खुनशी जातींपैकी एक. नर वयात आला की पिवळा रंग जाऊन जवळजवळ काळा पडतो. मला आधी वाटलं तो आजारी आहे. आजारी बाकीचे होते. वर्षभरात बाराचे तीन उरले आणि ते तिन्ही फिल्टरच्या पाइपमागे उभे. तुम्ही वर्णन केलेले ‘पिवळे-काळे पट्टेवाले’ तीन मासे हेच असणार, म्हणून आधीच सांगून टाकलं.

आता मूळ कारण. दुकानात ज्यांना सरसकट ‘आफ्रिकन’ म्हणतात ते बहुतेक मलावी तळ्यातले असतात. मलावी, मोझांबिक आणि टांझानिया या तीन देशांच्या मध्ये पसरलेलं हे तळं, लांबी साधारण ५८० किलोमीटर. त्याच्या खडकाळ काठाला राहणाऱ्या माशांना तिथल्या टोंगा भाषेत ‘म्बुना’ म्हणतात, आणि तुमच्या टँकमधले बहुतेक म्बुनाच आहेत. खडकांवर शेवाळाचा थर असतो, त्यात बारीक किडे असतात. म्बुना तो थर खरवडून खातात. म्हणजे खडकाचा तुकडा ही त्यांची शेती. नर आपल्या कपारीभोवतीची जागा राखून बसतो, आणि हद्दीत कोण आला की आधी बघतो की हा माझ्यासारखा दिसतो का. दिसत असेल तर तो एक तर आपलं शेवाळ खायला आलाय नाहीतर आपल्या माद्या पळवायला. म्हणून सगळ्यांत जास्त मार खातो तो त्याच जातीचा दुसरा नर, त्यानंतर त्याच रंगाचा किंवा तसेच पट्टे असलेला परका. थोडक्यात, ही सरळसरळ भाऊबंदकी आहे आणि भांडण बांधावरचं आहे. तळ्यात हरलेला पोहून लांब निघून जातो. तीन फुटांच्या काचेत तो जाऊन जाऊन जाणार कुठे?

यात आपल्याकडच्या दुकानांची एक सवय भर घालते. सगळे मासे ‘जोडी’वर विकायचे. भाव विचारला की जोडीचा सांगतात, आणि आपणही घरी एक नर एक मादी असा संसार मांडून देतो. म्बुनाच्या बाबतीत हा मादीला दिलेला देहदंड आहे. नर दिवसभर तिच्याच मागे लागतो. तिच्या तोंडात अंडी असली (या माद्या अंडी आणि पिल्लं साधारण तीन आठवडे तोंडात सांभाळतात, आणि तेवढे दिवस जवळपास काही खात नाहीत) तरी सोडत नाही. एका नरामागे तीन-चार माद्या हव्यात, म्हणजे त्याचा त्रास वाटला जातो. लहानपणी नर-मादी ओळखता येत नाहीत, त्यामुळे एका जातीची सहा-सात पिल्लं आणायची, वाढवायची आणि जादाचे नर ओळखू आले की काढून द्यायचे. जाती कमी, पण प्रत्येक जातीचे मासे जास्त. तुमच्याकडे नेमकं उलट झालंय: आठ मासे आणि बहुधा पाच जाती.

दुसरी गोष्ट ऐकायला उफराटी वाटेल. म्बुनाच्या टँकमध्ये थोडी गर्दी हवी. पाच-सहा मासे असले की दादाला रोज एकच गिऱ्हाईक सापडतं. बारा असले की तो कोणाच्या मागे लागावं हेच ठरवू शकत नाही. पण गर्दीची किंमत पाण्यात मोजावी लागते. या माशांना जड (म्हणजे क्षार जास्त असलेलं), अल्कलाइन (आम्लाच्या उलट) पाणी लागतं, पीएच ८ च्या आसपास, आणि अशा पाण्यात माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया मऊ पाण्यातल्यापेक्षा कितीतरी जास्त विषारी ठरतो. त्यामुळे गर्दी करायची तर फिल्टर दुप्पट ताकदीचा आणि दर आठवड्याला तीसेक टक्के पाणी बदलायची तयारी हवी. ती नसेल तर म्बुना पाळू नका, हे मी मित्रालाही असंच तोंडावर सांगतो. पुण्या-मुंबईच्या नळाला धरणाचं मऊ पाणी येतं, त्यांनी फिल्टरमध्ये कोरलचा चुरा ठेवावा, म्हणजे पाणी जड होतं. बोअर असेल तर नशीबवान आहात. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही म्हणून आपण वैतागतो, ते या माशांना माहेरच्यासारखं वाटतं.

तुम्ही विचारलेल्या तीन माशांकडे येतो. एंजल हाही सिक्लिडच, पण अमेझॉनचा, मऊ आणि थोड्या आम्ल पाण्यातला, लांब झालरीसारख्या परांचा. आडनाव एक म्हणून घर एक होत नाही. उजनीची चिलापी हीसुद्धा मूळची आफ्रिकन सिक्लिड आहे, १९५२ साली भारतात आणलेली, आणि गोव्या-सिंधुदुर्गातलं कालुंदर तर आपलं अस्सल देशी सिक्लिड. म्हणून काय सगळी एका टँकमध्ये सोडायची? गोल्डफिशला थंड पाणी हवं, तो संथ असतो आणि त्याची शेपूट म्हणजे म्बुनासाठी आयतं खेळणं. एका रात्रीत कुरतडून ठेवतील. आणि दुकानातला तो ‘शार्क’ हा शार्क नसून पंगास आहे, हॉटेलात बासा म्हणून ताटात येतो त्याचाच भाऊबंद. मोठा झाला की मीटरभर होतो. तीन फुटांच्या टँकमध्ये वाढणार कसा आणि वळणार कसा? ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, पॅरट यांचंही नाव काढू नका, ते सगळे अमेरिकेकडच्या वंशाचे आणि वेगळ्या आकाराचे.

मग सोबत कोण? आफ्रिकन सिक्लिडची खरी सोबत म्हणजे त्याच तळ्याचे, त्याच स्वभावाचे, त्याच खाण्याचे पण वेगळ्या रंगाचे सिक्लिड. चारही अटी एकदम.

तळं बघा. आफ्रिकेतल्याच टांगानिका या दुसऱ्या तळ्यातले मासे (फ्रंटोसा, ज्युलिडोक्रोमिस, ट्रोफियस वगैरे) मलावीवाल्यांत मिसळू नयेत, ते वेगळंच राज्य आहे. मलावीतही तीन तऱ्हा. म्बुना खडकातले भांडखोर. पिकॉक वाळूवरचे, शांत, राजबिंडे. हॅप म्हणजे उघड्या पाण्यातले, बहुतेक मोठे आणि शिकारी. म्बुनात पिकॉक सोडला तर तो कोपऱ्यात रंग उतरवून बसतो, त्याचे पैसे ज्या रंगासाठी मोजले तोच दिसत नाही. तुम्ही लिहिलेला ‘जिराफासारख्या तपकिरी ठिपक्यांचा’ मासा व्हेनस्टस असणार. तो हॅप आहे, पंचवीस सेंटिमीटरपर्यंत जातो आणि तोंडात मावेल ते गिळतो. आज तो सगळ्यांत गरीब वाटत असेल. थांबा जरा.

खाण्याचा मुद्दा लोक विसरतात. म्बुना मुख्यतः शेवाळखाऊ, त्यांचं आतडं लांब. त्यांना स्पिरुलिनाचं (एक प्रकारच्या शेवाळाचं) खाद्य, मधूनमधून उकडलेला पालक किंवा मटार. ब्लडवर्म, ट्युबिफेक्स असलं अळ्या-किड्यांचं खाद्य सतत घातलं की पोट फुगतं, मासा खाणं सोडतो आणि जातो. शिकारी हॅप सोबत असेल तर एकाच्या ताटात दुसऱ्याचं विष पडतं.

तीन फुटी टँक (सव्वा फूट रुंद, सव्वा उंच धरला तर सुमारे १३० लिटर) असेल तर माझी शिफारस साधी आहे. इलेक्ट्रिक यलो सहा. म्बुनात एवढा सभ्य मासा दुसरा नाही, आणि तुमच्याकडे दोन आहेतच. त्यांच्या जोडीला रस्टी सहा, जांभळट-विटकरी रंगाचा, तोही भला माणूस. रस्टी दुकानात हुडकावा लागतो, पण हुडका. त्याच्या जागी रेड झेब्रा घेऊ नका. तो जास्त तापट, शिवाय यलोशी संकर होऊन फिकट नारिंगी पिल्लं निघतात, ज्यांना धड नाव देता येत नाही. डेमासोनीचे निळे-काळे उभे पट्टे बघून भुलू नका. मासा बोटभर, पण आपल्याच जातीचा असा वैरी की बारा-पंधराचा घोळका नसेल तर एकच उरतो. पुढेमागे चार फुटी (चार बाय दीड बाय दीड, साधारण अडीचशे लिटर) घेतलात तर या दोघांत पिवळ्या शेपटीचा एसीआय घाला. तो टोळीने वरच्या पाण्यात फिरतो, खालच्यांच्या बांधाशी त्याचं काही देणंघेणं नसतं.

पिकॉकचंच वेड असेल तर मग चार फुटीत दहा-बारा वेगवेगळ्या रंगांचे फक्त नर. मादी एकही नाही. एक मादी आली की सगळ्या राजबिंड्यांचं कुरुक्षेत्र होतं.

सिक्लिड सोडून कोणी हवंच असेल तर सायनोडॉन्टिस. आफ्रिकन मांजरमासा, मिशांचा, अंगाने मजबूत, दिवसा कपारीत पडून राहणारा. त्याची म्बुनाला पर्वा नसते आणि त्याला म्बुनाची. यातल्या टांगानिकाच्या ठिपकेवाल्या जातीची, मल्टिपंक्टेटसची, एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सिक्लिड मादी अंडी घालत असताना हे मांजरमासे मध्येच घुसतात आणि आपली अंडी त्यांत टाकतात. मादी गडबडीत सगळीच तोंडात उचलते. मांजरमाशाची पिल्लं आधी बाहेर पडतात आणि तिच्या तोंडातच तिची पिल्लं खातात. आपली कोकिळा कावळ्याच्या घरट्यात करते तोच धंदा, फक्त पाण्याखाली आणि आणखी निर्दय. मलावीच्या टँकमध्येही हा मासा छान राहतो, पण पिल्लं काढायचा विचार असेल तर टाळा.

काच साफ ठेवायला ब्रिसलनोझ (शेवाळ खाणारा छोटा मांजरमासा) चालेल, एकच, आणि त्याला लपायला स्वतःची कपार द्या. दुकानदार ‘सकर’ म्हणून जो नेहमीचा मासा देतो तो नको. तो फूटभर वाढतो, काच साफ करण्यापेक्षा घाण जास्त करतो, आणि कंटाळून लोक तो नदीत सोडतात. कृपा करून तुम्ही तेही करू नका, आपल्या धरणांत त्याने आधीच पुरेसा उच्छाद मांडलाय.

आता तुमच्या टँकचं काय करायचं ते सांगतो. तिन्ही पट्टेवाले आणि व्हेनस्टस परत करा, पैसे नाही मिळाले तरी. फाटक्या परांच्या माशाला आठवडाभर वेगळ्या टबात ठेवा, हवेचा पंप लावून. स्वच्छ पाण्यात पर आपोआप भरून येतात. उरलेल्यांत कोणी दादा निघालाच तर त्याला जाळीच्या प्लास्टिक टोपलीत घालून टोपली टँकमध्येच तरंगत ठेवा, चार-पाच दिवस तडीपार. परत आला की त्याची जागा दुसऱ्याने घेतलेली असते आणि त्याला शेवटून सुरुवात करावी लागते.

कपारींसाठी दगड विकत घ्यायची गरज नाही. कुणाच्या घराचं काम चालू असेल तिथून शहाबादी फरशीचे तुकडे आणा. शहाबादी म्हणजे चुनखडीचाच दगड, या पाण्याला चालतो. मात्र दगड वाळूवर रचू नका. म्बुना खालची वाळू उपसतात आणि ढीग काचेवर कोसळतो. तळाला पातळ थर्मोकोल, त्यावर दगड, मग भोवती वाळू. कपारी माशांच्या संख्येपेक्षा जास्त हव्यात.

आणि पट्टेवाले पकडताना दगडांत जाळी फिरवत बसू नका, दिवसभरात एक हाती लागणार नाही. पाणी अर्धं कमी करा, सगळे दगड बाहेर काढा, मग दोन मिनिटांत पकडाल. नवीन यलो आणि रस्टी त्याच दिवशी आणलेले असू द्या, सगळे एकदम. दुकानातले मासे खरं तर दोन-तीन आठवडे वेगळे ठेवून सोडायचे असतात. दुसरा टँक असेल तर तसंच करा आणि ही उलथापालथ तोवर पुढे ढकला. दगड परत लावताना जुनी रचना पूर्ण मोडा, म्हणजे जुन्यांचे बांध पुसले जातात आणि जुने-नवे सगळेच परके होतात. थोडं खाद्य टाका, नवे सोडा, दिवा बंद करा आणि सकाळपर्यंत लावू नका. टँकवर झाकण ठेवायला विसरू नका. पहिल्या रात्री उड्या मारतात.