वाडे-किल्ले डोळ्यांना भव्य दिसतात, मोबाइलवर मात्र सपाट आणि मागे कललेले येतात. फ्रेम कशी सुधारावी?

कॅमेरा उघडण्याआधी वास्तूचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते बघा. फ्रेमबद्दलचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

आपला शनिवारवाडाच घ्या. त्याचं मुख्य प्रवेशद्वार, दिल्ली दरवाजा, उत्तराभिमुख. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडून फिरतो, म्हणजे दर्शनी बाजू कायम सावलीत आणि मागचं आकाश पांढरंफटक. सगळे नेमके डिसेंबरच्या सुट्टीत, भर दुपारी जातात आणि मोबाइलला दोष देतात. मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ ऊन उत्तरेकडून तिरपं येतं, तटाला घासून जातं आणि बुरुजांची गोलाई उठून दिसते. हिवाळ्यातच जाणार असाल तर ढगाळ दिवस किंवा सूर्यास्तानंतरची पंधरा-वीस मिनिटं गाठा.

वास्तू कलते, कारण जवळ उभं राहून आपण मोबाइल वर तिरका करतो. मागे सरका, मोबाइल उभा सरळ धरा आणि खाली जास्तीची फरसबंदी आली तर नंतर कापून टाका. पटांगण मोठं आहे, जागेची अडचण नाही. ०.५एक्सच्या (जास्त रुंद दृश्य घेणाऱ्या लेन्सच्या) मोहात पडू नका, कडेचे बुरुज ताणले जातात. ग्रिड (स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या रेषा) चालू ठेवा, पण उभ्या रेषा तपासण्यासाठी. दरवाजा बरोबर मध्ये घेतला म्हणून काही बिघडत नाही. तो बांधलाच आहे तसा.

समोरचा बाजीरावांचा अश्वारूढ पुतळा घेताना दोन पावलं बाजूला व्हा, नाहीतर घोड्याचं डोकं दरवाजावरच्या नगारखान्यात घुसतं. आणि भव्यता हवी असेल तर रिकाम्या दरवाजापेक्षा दिंडीतून, म्हणजे मोठ्या दारातल्या छोट्या दारातून, कुणीतरी आत जाताना टिपा. माणूस वाकला की हत्तींना अडवणारे दारावरचे खिळे केवढ्या उंचीवर आहेत ते आपोआप कळतं.

आत गेल्यावर बरेच जण निराश होतात. 1828च्या आगीत लाकडी वाडा जळाला, उरली ती जोती. जमिनीवरून ती नुसत्या दगडांच्या रांगा वाटतात. तटावर चढा आणि खाली बघून फोटो घ्या, शक्यतो ऊन उतरल्यावर. लांब सावल्यांमुळे चौक, दालनं, कारंज्याची जागा नकाशासारखी उमटतात. माझ्या मते वाड्याचा सगळ्यात चांगला फोटो इथूनच मिळतो, पण फारसं कुणी घेत नाही.

पुण्यातल्याच विश्रामबागवाड्याला उलटी अडचण. रस्ता अरुंद, मागे सरकायला जागा नाही, शिवाय गाड्या आणि तारा. तिथे अख्खी इमारत कोंबायचा हट्ट सोडून फक्त दर्शनी सज्जा आणि सुरूच्या झाडाच्या आकाराचे कोरीव खांब घ्या.

ट्रायपॉड न्यायचा असेल तर आधी चौकशी करा. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत त्यासाठी वेगळी परवानगी लागते.